कटर मशीन आणि लाकूडतोडीचे खेळ: दुकानात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचं दुरुस्तीचं दुकान आहे. फवारणीचे पंप, गवत कापायची मशीनं आणि सगळ्यात जास्त म्हणजे लाकूड कापायच्या चेन सॉ. गिऱ्हाईक त्यांना ‘कटर मशीन’ म्हणतं, त्यामुळे मीही तेच म्हणतो. गेली दोन-तीन वर्षं झालंय असं की मशीन टेबलावर ठेवायच्या आधी मोबाईल पुढे येतो: “शेट, हे बघा की, पाच सेकंदांत तीन चकत्या! आपलं असं का होत नाही?” रोज तेच तेच बोलून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून काढलं. प्रश्न खरे आहेत, कधी चहा घेताना विचारलेले, कधी भांडताना.

व्हिडिओतलं ते किंचाळणारं मशीन खरं असतं का? की व्हिडिओ पळवलेला असतो?

खरं असतं. त्याला ‘हॉट सॉ’ म्हणतात. चेन सॉचा आकार तेवढा ठेवलेला असतो, बाकी सगळं शर्यतीसाठी हाताने बांधलेलं. मोटोक्रॉसच्या गाडीचं किंवा बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाईलचं टू-स्ट्रोक इंजिन घेतात, त्याला लांबलचक पट्टी आणि तिच्याभोवती फिरणारी चेन जोडतात. इंजिन ३५० सीसीच्या घरातलं, वजन सुमारे २७ किलो, ताकद ८० हॉर्सपॉवरपर्यंत. तुमच्या रानात ऊस ओढणारा ट्रॅक्टर बहुतेक ५० हॉर्सपॉवरच्या आतबाहेर असतो, हे लक्षात घ्या. ट्रॅक्टरचा रेटा वेगळा आणि ह्याचा वेग वेगळा, तुलना तंतोतंत नाही. पण एवढी ताकद हातात धरून उभं राहायचं म्हणजे काय, याचा अंदाज येतो.

ओंडका ४६ सेंटिमीटर जाडीचा असतो. त्याच्या टोकापासून १५ सेंटिमीटरवर रेघ मारलेली असते आणि त्या १५ सेंटिमीटरमध्येच तीन पूर्ण चकत्या पाडायच्या: पहिली वरून खाली, दुसरी खालून वर, तिसरी पुन्हा वरून खाली. चकती अर्धवट तुटली किंवा रेघेपलीकडे गेलात की बाद. चांगला खेळाडू हे पाच-सात सेकंदांत उरकतो.

मशीन आधीच चालू करून ठेवलेलं असतं, मग त्यात काय मोठं?

नाही, बंद असतं. स्पर्धेआधी गरम करून घ्यायची मुभा आहे, पण इशारा होताना ते बंदच पाहिजे. इशारा झाला की दोरी ओढायची, इंजिन पेटलं पाहिजे, मग उचलायचं. ३५० सीसीचं, दाब भरलेलं इंजिन दोरीने ओढून सुरू करणं म्हणजे काय, हे ज्याने सकाळी सकाळी बुलेटला किक मारताना पिंढरीवर दणका खाल्लाय त्याला सांगायला नको. पहिल्या ओढीला पेटलं नाही तर शर्यत तिथेच गेली. वर्षभराची मेहनत अशी दोरीशी अडकलेली बघितली की मला मशीनपेक्षा त्या माणसाचीच दया येते. गरम करण्यातही मेख आहे. कमी गरम केलं तर पेटत नाही, जास्त केलं तर कार्ब्युरेटरपाशी पेट्रोलची वाफ होऊन इंजिन गुदमरतं. आमच्याकडे मे महिन्यात तुमचं कटर दुपारी दोनला सुरू होत नाही, त्याचं कारण तेच.

हा खेळ आला कुठून?

पोटापाण्याच्या कामातून. जसा आपल्याकडे शर्यतीचा बैल नांगरातून आला, तसा. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर १८७० च्या दशकात दोघा लाकूडतोड्यांनी पैज लावली, झाड आधी कोण पाडतो. पुढे १८९१ मध्ये तिथल्याच लॅट्रोब गावी कुऱ्हाडवाल्यांची रीतसर संघटना झाली आणि मोठी स्पर्धा भरली. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या हेवर्ड गावात १९६० पासून लाकूडतोड्यांची जागतिक स्पर्धा भरते. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क लोकांची कुऱ्हाडीची परंपरा तर वेगळीच, गावच्या जत्रेत ओंडके फोडायचे. आज टीव्हीवर आणि मोबाईलवर दिसते ती बहुतेक ‘स्टिल टिंबरस्पोर्ट्स’ ही मालिका. स्टिल ही चेन सॉ बनवणारी जर्मन कंपनी, तिने १९८५ मध्ये अमेरिकेत ती सुरू केली.

१९८५ म्हटलं की आमच्या पिढीला दुसरंच काही आठवतं. त्याच साली भारतात यामाहाची आरएक्स १०० आली. तिचा उल्लेख खाली पुन्हा येणार आहे, तयारीत राहा.

सगळे मशीननेच कापतात का?

छे! सहा प्रकार असतात आणि त्यातले फक्त दोन मशीनचे.

कुऱ्हाडीचे तीन. ‘अंडरहँड चॉप’मध्ये ३२ सेंटिमीटर जाडीच्या आडव्या ओंडक्यावर स्वतः उभं राहायचं आणि दोन पायांच्या मधे कुऱ्हाड घालायची. माझ्या मते सगळ्यात अंगावर काटा आणणारा प्रकार हाच, हॉट सॉ नव्हे. ‘स्टँडिंग ब्लॉक’मध्ये ३० सेंटिमीटरचा उभा ठोकळा दोन्ही बाजूंनी फोडायचा. तिसरा ‘स्प्रिंगबोर्ड’. खांबाला कुऱ्हाडीने खाच पाडायची, त्यात फळी अडकवायची, फळीवर चढायचं, वर दुसरी खाच, दुसरी फळी, आणि मग पावणेतीन मीटरवर बसवलेला ठोकळा त्या हलत्या फळीवर उभं राहून तोडायचा. हा काही सर्कससाठी शोधलेला प्रकार नव्हे. जुन्या प्रचंड झाडांचा बुंधा खाली फार रुंद आणि वेडावाकडा, म्हणून लाकूडतोडे असेच वर चढून तोडायचे.

करवतीचा एक, ‘सिंगल बक’. त्याच्याबद्दल खाली.

मशीनचे दोन: हॉट सॉ, आणि ‘स्टॉक सॉ’. स्टॉक सॉमध्ये सगळ्यांना दुकानात मिळतं तसलं एकसारखं मशीन देतात. ४० सेंटिमीटरचा ओंडका, १० सेंटिमीटरच्या आत दोन चकत्या, एक वरून एक खालून. मशीन सारखं, चेन सारखी, लाकूड सारखं, तरी निकाल वेगवेगळा लागतो. “मशीनच भारी पाहिजे” म्हणणाऱ्याला मी हाच व्हिडिओ दाखवतो.

माझ्या मशीनमध्ये आणि हॉट सॉमध्ये फरक काय? दोन्ही टू-स्ट्रोकच ना?

आता आरएक्स १००. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर. स्टॉक सॉ स्पर्धेत वापरलं जाणारं स्टिलचं एमएस ६६१ हे मशीन ९१ सीसीचं, ताकद सुमारे ७.३ हॉर्सपॉवर. म्हणजे इंजिनाचं माप जवळपास गाडीएवढंच, ताकद कमी. कारण सोपं आहे. गाडीला वाऱ्याने थंडावा मिळतो, मागे लांब सायलेन्सर असतो. कटरला सगळं साडेसात किलोत बसवायचं आणि दिवसभर चालवायचं. हॉट सॉला दिवसभर चालायचंच नसतं, सात सेकंद चाललं तरी भरून पावलं. म्हणून ३५० सीसीतून ८० हॉर्सपॉवर, म्हणजे दर १०० सीसीला २३ च्या आसपास. आरएक्सच्या दुप्पट.

ही दुप्पट ताकद येते मुख्यतः सायलेन्सरमधून. हॉट सॉला पोट फुगलेला जो पाइप दिसतो तो दिखाव्याचा नाही. टू-स्ट्रोकमध्ये जळालेला वायू बाहेर पडताना ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रणही त्याच्याबरोबर निसटतं. पाइप आधी रुंद होत जातो तेव्हा मागे ओढ तयार होते, सिलिंडर साफ होतो. मग तो निमुळता होतो तेव्हा दाबाची लाट उलटी परतते आणि निसटलेलं मिश्रण ढकलून परत सिलिंडरमध्ये भरते. लाट नेमकी सिलिंडरचं एक्झॉस्टचं तोंड बंद व्हायच्या क्षणी पोहोचली पाहिजे, म्हणून पाइपची लांबी ठरावीक वेगासाठीच जुळते. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन या इंजिनिअरने १९५० च्या दशकात हे तंत्र पक्कं केलं. १९६१ मध्ये त्याचा स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीनंतर पळाला आणि सुझुकीला जाऊन मिळाला, त्याच्याबरोबर हे ज्ञानही जपानला गेलं. म्हणजे विजापूर वेशीच्या पोरांनी आरएक्सला लावलेल्या पाइपचं आणि हॉट सॉच्या पाइपचं खानदान एकच.

चेन ताशी २४० किलोमीटरने फिरते म्हणतात. असं कसं शक्य आहे?

गणित करून बघू. तुमच्या मशीनवर बहुतेक तीन-अष्टमांश इंच पिचची चेन असते. पिच म्हणजे ओळीने तीन रिव्हेटांमधलं अंतर भागिले दोन. त्या हिशेबाने चाकाच्या एका दातामागे चेन १९ मिलिमीटर पुढे सरकते. सात दातांचं चाक एका फेरीत १३३ मिलिमीटर चेन ओढतं. इंजिन मिनिटाला १०,००० फेऱ्या मारत असेल तर चेन सेकंदाला २२ मीटर, म्हणजे ताशी ८० किलोमीटर. हा तुमच्या हातातल्या मशीनचा वेग. हॉट सॉला ताकद भरपूर, त्यामुळे चाक मोठं बसवता येतं. दात दुप्पट-अडीचपट केले, फेऱ्या थोड्या वाढवल्या की २४० च्या जवळ पोहोचता.

मग आपल्या मशीनलाही मोठं चाक बसवलं तर? बसेल, पण लाकडाला चेन लागली की इंजिन बसेल. सायकलला चढावर मोठा गिअर टाकल्यासारखं.

आमच्या मशीनचं पोर्टिंग करून द्या. बाहेर एक जण करून देतोय.

करत नाही. पोर्टिंग म्हणजे इंजिनातले वायू आत-बाहेर जायचे मार्ग घासून मोठे करणं. का करत नाही ते सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी मीही हौशी होतो. स्वतःच्याच एका ६० सीसीच्या मशीनचा एक्झॉस्टचा मार्ग कानस आणि डायग्राइंडर घेऊन मोठा केला, मफलरला भोक वाढवलं. दुकानामागे कडुलिंबाच्या फांदीवर चालवलं, काय आवाज, काय वेग! दोन दिवस सगळ्यांना दाखवत फिरलो. तिसऱ्या दिवशी होटगीकडच्या एका शेतात वेड्या बाभळीच्या बुंध्यावर लावलं. मफलर मोकळा केल्यावर इंजिन जास्त हवा ओढतं, तर कार्ब्युरेटरचा स्क्रू उघडून पेट्रोलही वाढवायला हवं होतं. ते राहिलं. पेट्रोल कमी म्हणजे त्यातलं ऑइलही कमी, उष्णता जास्त. वीस मिनिटांत पिस्टन सिलिंडरला चिकटला. पिस्टन, सिलिंडर, रिंगा, सगळं नवीन. घरी सांगितलं नव्हतं, अजून सांगितलेलं नाही.

हॉट सॉवाला सात सेकंदांनी मशीन बंद करून व्हॅनमध्ये ठेवतो. तुम्हाला संध्याकाळपर्यंत दोन ट्रॉल्या भरायच्या असतात.

मग ते लोक जिंकतात कशावर? आम्हाला काय करता येईल?

धार. मशीन बिघडलं म्हणून दुकानात येणाऱ्या दहांपैकी सहा-सात मशीनांना काहीही झालेलं नसतं, चेन बोथट असते. हा माझा दुकानातला अंदाज आहे, पण तुम्हीच घरी बघा: कापताना चुरमुऱ्यासारखे तुकडे पडतायत की पिठासारखा भुसा? पीठ पडत असेल तर इंजिनला शिव्या घालू नका.

चेनवर दातांच्या जोड्या असतात. मागे कापणारा दात, त्याच्यापुढे एक बुटका उंचवटा. पुष्कळ लोकांना तो उंचवटा निरुपयोगी वाटतो. कापणारा दात लाकडात किती खोल जाईल ते तोच ठरवतो, सुताराच्या रंध्याचं पातं किती बाहेर ठेवायचं तसं. तीन-अष्टमांश चेनला हा फरक साधारण ०.६५ मिलिमीटर असतो. दाताला धार लावत गेलात की दात बुटका होत जातो, उंचवटा तसाच राहतो, मग धार असूनही चेन नुसती घसरते. सपाट कानशीने तो थोडा खाली घ्यावा लागतो. आणि उत्साहात फार खाली घेतला तर मशीन झटके मारतं, हातातून उसळतं.

चेन आज जशी दिसते ती एका किड्याची देणगी आहे. १९४६ मध्ये अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या एका खुंटात बसलेली भुंगेऱ्याची अळी बघत राहिला. ती उभ्या-आडव्या धाग्यांची पर्वा न करता डावीकडे-उजवीकडे जबडा चालवत लाकूड पोखरत होती. त्याआधीच्या चेनचे दात करवतीसारखे खरवडायचे. कॉक्सने अळीच्या जबड्यावरून डावा-उजवा वळलेला दात केला आणि १९४७ मध्ये विकायला काढला. बाभळीच्या लाकडातून भुगा पाडणारी तसलीच अळी आपण रोज बघतो आणि औषध मारतो.

घरी धार लावायची पद्धत: तीन-अष्टमांश चेनला साडेपाच मिलिमीटरच्या आसपासची गोल कानस, लहान पिचच्या चेनला ४.८ ची. कोन ३० अंश. आतून बाहेर एकाच दिशेने, परत आणताना कानस उचलून. प्रत्येक दाताला सारखे फटके, मोजून. एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला सहा मारलेत तर काप वाकडा जातो, मग म्हणता पट्टी वाकली. दर टाकीला दोन-तीन फटके मारणारा माणूस आमच्याकडे वर्षातून एकदाच येतो. धंद्याच्या दृष्टीने हे मी सांगायला नको.

स्पर्धेतले खेळाडू तर रेसिंग चेनचा एकेक दात घासून घेतात, कडा चौकोनी आणतात, नको तिथलं लोखंड घासून चेन हलकी करतात. असली चेन दोन-चार काप देते आणि संपते. खडा लागलेल्या आपल्या बाभळीत तर अर्धासुद्धा देणार नाही.

त्यांचे ते ओंडके आपल्या बाभळीवर टिकतील का? म्हणजे, ते लोक बाभूळ इतक्या लवकर कापतील का?

नाही. स्पर्धेला पॉप्लर किंवा पांढरा पाइन वापरतात. दोन्ही मऊ, सरळ धाग्याची, गाठी नसलेली. बाभूळ त्यांच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट जड. आपल्याकडचं त्यातल्या त्यात जवळचं लाकूड म्हणजे पांगारा किंवा ओलं सुबाभूळ. गुलमोहरही ठिसूळ आणि सोपा. वळवाच्या पहिल्या पावसात शहरात आडवे पडतात ते बहुतेक तेच, आणि आमचा हंगाम सुरू होतो. त्यामुळे व्हिडिओ बघून स्वतःला कमी लेखू नका. तुमचा गडी चिंचेचा बुंधा कापतो तेव्हा तो त्या पाइनवाल्यापेक्षा अवघड काम करत असतो, फक्त त्याला टाळ्या मिळत नाहीत आणि हेल्मेटही मिळत नाही.

ते जाड पँट कशाला घालतात? आमचा गडी लुंगीवर कापतो.

लुंगीवर कापतो म्हणून तर हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

त्या पँटमध्ये बारीक लांब धाग्यांचे थर असतात. चेन लागली की धागे ओढले जाऊन चाकात गुंडाळतात आणि चेन जागेवर थांबते. पण त्यालाही मर्यादा आहे. अशा पँटचे वर्ग असतात: पहिला वर्ग सेकंदाला २० मीटर वेगाच्या चेनसाठी, दुसरा २४, तिसरा २८. वर आपण गणित केलं, साध्या मशीनचा वेग २२ च्या आसपास. म्हणजे दुसऱ्या वर्गाची पँट तुमच्या कामाची आहे. हॉट सॉची चेन सेकंदाला ६६ मीटर. ती पँट थांबवेल याच्या भरवशावर कुणी राहू नये. तिथे खेळाडूचं रक्षण पँट नाही, सराव करतो. कुऱ्हाडीच्या प्रकारात पोटऱ्यांवर आणि पावलांवर लोखंडी कड्यांचं जाळं घालतात, चिलखतासारखं.

दुसरी गोष्ट, झटका. पट्टीच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला टेकला की मशीन उलटं उसळून चेहऱ्याकडे येतं. डोळ्याची पापणी लवायच्या आत. म्हणून डावा अंगठा पुढच्या मुठीखालून गुंडाळलेला पाहिजे, आणि पुढची ढालीसारखी पट्टी, जी चेनचा ब्रेक आहे, ती मोडली म्हणून काढून टाकू नये. दुकानात येणाऱ्या मशीनांत हा ब्रेक मोडलेला किंवा तारेने बांधलेला दिसला की मी आधी तो दुरुस्त करतो. पैसे द्या, न द्या.

तिसरी गोष्ट फार जणांना माहीत नसते. चेन वेगात तुटली तर तिच्या टोकाचा तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो, आणि तो पट्टीच्या रेषेत जातो. बघ्यांनी पट्टीच्या पुढे किंवा मागे त्या रेषेत उभं राहायचं नाही. बाजूला, लांब. आमच्याकडे झाड कापताना निम्मं गाव नेमकं समोर उभं असतं आणि एक जण व्हिडिओ काढत असतो.

सिंगल बक म्हणजे आपली जुनी करवतच ना?

जवळपास. सुमारे दोन मीटर लांबीची करवत, एकट्याने ओढायची, ४६ सेंटिमीटरचा ओंडका. मदतनीस पाचर ठोकू शकतो, पात्यावर तेल सोडू शकतो, करवतीला हात लावायचा नाही.

माझे आजोबा भवानी पेठेजवळच्या एका वखारीत करवत ओढायचे. यंत्रमागाच्या आधी हातमाग होते, त्यांच्या चौकटींचं लाकूड तिथे कापलं जायचं. ते म्हणायचे, करवत ओढायची असते, ढकलायची नसते. ढकलली की पातं वाकतं आणि समोरच्याचा श्वास मोडतो. सिंगल बकमध्ये समोर कुणीच नसतं, त्यामुळे ढकलावंही लागतं, पण बारकाईने बघा, खेळाडू ढकलताना फक्त सोडून देतो. त्या करवतीला दोन तऱ्हेचे दात असतात. काही धागा तोडतात, आणि मधले चपटे दात तोडलेला धागा उपसून बाहेर टाकतात. म्हणून तिच्यातून भुसा पडत नाही, शेवयांसारख्या लांब लांब सळया पडतात. सहा प्रकारांत मला विचाराल तर हाच बघावा. आवाज नाही, धूर नाही, नुसती लय.

पैलवान पाहिजे का ह्याला?

अंग पाहिजे, पण तालमीत नुसते दंड घुमवणारा इथे दमतो. न्यूझीलंडचा जेसन विनयार्ड हा या खेळातला सगळ्यात मोठा माणूस, अनेक वेळा जगज्जेता, २०२३ मध्ये वारला. धिप्पाड होता, तरी त्याचा व्हिडिओ सावकाश करून बघा: प्रत्येक घाव आधीच्या घावाच्या रेघेला चिकटून पडतो. ‘ट्रॉफी’ नावाच्या प्रकारात तर अंडरहँड चॉप, स्टॉक सॉ, स्टँडिंग ब्लॉक आणि सिंगल बक असे चारही एका दमात, एकामागोमाग करावे लागतात. तिथे ताकदीपेक्षा श्वास लागतो.

सोलापूरकराला हे समजावून सांगायला मी नंदीध्वजाचं उदाहरण देतो. गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, उंच काठी कमरेच्या पट्ट्यात धरून चालायचं. बघणाऱ्याला वाटतं जोर लागतो. मानकऱ्याला विचारा, तोल लागतो, आणि तो लहानपणापासून वर्षानुवर्षं सराव करून येतो.

बायका खेळतात का?

खेळतात. महिलांच्या स्पर्धेत अंडरहँड चॉप, स्टॉक सॉ आणि सिंगल बक असतात.

सोलापुरात अशी स्पर्धा भरवता येईल का? आमचं मंडळ तयार आहे.

मंडळं कायम तयार असतात. हॉट सॉ विसरा, तो खर्च आणि तो धोका दोन्ही आपल्याला झेपणार नाहीत. पण स्टॉक सॉच्या धर्तीवर काहीतरी करता येईल: एकच मशीन, एकच चेन, वाऱ्याने पडलेलं सुबाभूळ, आणि घड्याळ. करायचंच तर माझी सूचना अशी की पहिली फेरी धार लावायची ठेवा. सगळ्यांना सारखी बोथट चेन द्या, कानस द्या, पंधरा मिनिटं द्या आणि मग कापायला लावा. त्यात शेतावरचे गडी शहरातल्या जिमवाल्यांना पाणी पाजतील, पैज लावतो. प्रेक्षक बाजूला, दोरी बांधून, वर सांगितलंय तसं. आणि डीजे नको. कापणाऱ्याला इंजिनचा आवाज ऐकू यायला हवा, मशीन अडलं की आधी कान सांगतो.

झाड माझ्या जागेत आहे. तोडायला कुणाला विचारायचं?

शहरात असाल तर महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याला. १९७५ चा नागरी भागातला झाडं जपण्याचा कायदा आहे, झाड स्वतःच्या अंगणात असलं तरी परवानगी लागते. खेड्यात १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे आणि त्याच्या यादीत चिंच, आंबा, साग, चंदन, जांभूळ अशी झाडं आहेत. “फांदीच आहे हो” म्हणून भाड्याने मशीन नेता आणि बुंधाच तोडता, मग माझ्याकडे विचारपूस येते. परवानगीचा कागद दाखवल्याशिवाय मशीन भाड्याने मिळणार नाही.

पेट्रोलमध्ये ऑइल किती?

चांगलं टू-स्ट्रोक ऑइल असेल तर पन्नासाला एक, म्हणजे एका लिटरला २० मिलिलिटर. साधं असेल तर पंचविसाला एक, ४० मिलिलिटर. चार-स्ट्रोक गाडीचं काळं ऑइल नाही. “अंदाजे एक झाकण” नाही. झाकण कुठल्या बाटलीचं? आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि कार्ब्युरेटरचा रबरी पडदा कडक करतं. महिनाभर मशीन लागणार नसेल तर टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. पट्टीवर सोडायचं तेल वेगळं असतं, तिथे इंजिनमधून काढलेलं जळकं ऑइल ओतू नका. त्यातल्या लोखंडाच्या कणांनी पट्टीची खाच झिजते.

बॅटरीवरचं घ्यावं का?

घराभोवतीच्या फांद्यांना, शेवग्याला, हो. बाभळीला नाही.

मशीन दुरुस्तीला कधी आणू?

वळीव सुरू व्हायच्या आधी, एप्रिलमध्ये. मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळं सोलापूर एकदम येतं आणि मग आठ-आठ दिवस लागतात. चेन, पट्टी आणि मशीन तिन्ही आणा, नुसतं इंजिन आणून “चालत नाही” म्हणू नका. येताना हवेचा फिल्टर घरीच ब्रशने झाडून आणलात तर कदाचित दुकानापर्यंत यावंच लागणार नाही. सोमवारी बंद. संक्रांतीला नंदीध्वज निघतात ते चार दिवसही बंद, तेव्हा फोन करू नका, मी मिरवणुकीत असतो.